पावतीवरची रिकामी ओळ

[दृश्य : टेबलावर पावतीपुस्तक. पान उलटणारा हात. चेहरा दिसत नाही.]

ही पावती बघा. वर नाव, शिक्षण, पत्ता. खाली तारीख, रक्कम, सही. आणि मधे एक ओळ : रजि. नं. त्यापुढे टिंबं. अकरा वर्षांत किती पावत्या फाटल्या असतील, पण ही टिंबं कधी भरली गेली नाहीत.

ज्यांची ही पावती, त्या इंदुरात समुपदेशक आहेत. त्यांचं नाव आम्ही सांगणार नाही. 'माझ्याकडे येणाऱ्यांना झाकायचं तर मलाही झाकून घ्या,' असं त्यांनी पहिल्याच फोनवर बजावलं. बरोबरच आहे. इंदूर वाढून वाढून बायपासच्या पलीकडे गेलं, पण मराठी माणसांचं इंदूर अजून ओंजळीएवढं. रामबागेत कोण कोणाचा जिना चढलं, हे लोकमान्य नगरात संध्याकाळच्या चहापर्यंत पोचतं.

[दृश्य : जुन्या घराचा लाकडी जिना. खाली चपलांचा एकच जोड.]

म्हणून त्यांच्या दोन भेटींमधे अर्धा तास मोकळा असतो. जिन्यावर कोणाची कोणाशी गाठ पडू नये, एवढ्यासाठी.

मागच्या वर्षी एक वडील पावती घेऊन परत आले. मुलगा भंवरकुआँच्या कोचिंगमधे, सहा महिने झोप नाही, पुस्तक उघडलं की हात थरथरायचे. आठ भेटींनंतर मुलगा जरा सावरला. खर्च परत मिळावा म्हणून वडिलांनी पावत्या ऑफिसात लावल्या. ऑफिसातून शेरा आला : 'नोंदणी क्रमांक लिहून आणावा.'

आता कुठला क्रमांक लिहायचा?

"माझ्याकडे गुमास्ता आहे," त्या सांगतात, आणि हसतात. "दुकान उघडायला सरकारी परवाना लागतो तो. तो लिहू का? किराणावाल्याकडेही तोच असतो."

डॉक्टरला परिषद आहे, नर्सला आहे, औषधाच्या दुकानात उभ्या असलेल्या फार्मासिस्टलाही आहे. समुपदेशकाला नाही. मानसशास्त्रात एम. ए., त्यावर समुपदेशनाचा पदविका अभ्यासक्रम, दोन वर्षं दुसऱ्यांच्या देखरेखीखाली काम, आणि कागदावर काय, तर गुमास्ता.

[दृश्य : संसद भवनाचं संग्रहित चित्रण.]

२०१७ साली मानसिक आरोग्य सेवा कायदा झाला. ज्या लोकसभेनं तो मंजूर केला तिच्या अध्यक्षपदी सुमित्रा महाजन होत्या. म्हणजे इंदूरच्या ताई, १९८९ पासून सलग आठ वेळा इथूनच निवडून गेलेल्या. कायदा चांगला आहे, यात वाद नाही. उपचार मिळणं हा माणसाचा हक्क आहे, हे त्यानं लिहून दिलं. शरीराच्या आजाराला जसा विमा, तसाच मनाच्या आजारालाही द्या, असं विमा कंपन्यांना सांगितलं.

पण 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' कोणाला म्हणायचं, याची व्याख्या त्या कायद्यात वाचा. मनोविकारतज्ज्ञ आहेत. नोंदणी झालेले चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आहेत, मनोरुग्णांच्या परिचारिका आहेत, मनोविकार क्षेत्रातले समाजकार्यकर्ते आहेत. आयुर्वेदात आणि होमिओपॅथीत या विषयाचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेले वैद्य-डॉक्टरही आहेत. समुपदेशक हा शब्द त्या व्याख्येत नाही.

बाकी सगळीकडे मात्र तो आहे. १९८४ चा कुटुंब न्यायालयांचा कायदा म्हणतो, समुपदेशक नेमा. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६ हा तिचा क्रमांक. तिथे फोन लावला की पहिल्यांदा बोलतो तो प्रशिक्षित समुपदेशकच. आणि जुलै २०२५ मधे सर्वोच्च न्यायालयानं विशाखापट्टणममधल्या एका सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशभरासाठी निर्देश दिले : शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. कोचिंग क्लासही त्यातून सुटलेले नाहीत.

[दृश्य : भंवरकुआँ चौक. क्लास सुटल्याची गर्दी. पाठीवर सॅक, हातात समोसा.]

या चौकात उभं राहून नुसत्या पाट्या वाचल्या तरी शंभर विद्यार्थ्यांची अट किती जणांना लागू पडेल, याचा अंदाज येतो. 'पात्र समुपदेशक' नेमायचा आहे. पण पात्र म्हणजे कोण? त्यासाठी यादी उघडावी, तर यादीच नाही. मग संचालक काय करेल? जो स्वस्तात मिळेल तो नेमेल. शनिवार-रविवार दोन दिवस ऑनलाइन बसून प्रमाणपत्र मिळवलेलेही समुपदेशक, आणि सहा-सात वर्षं शिकलेलेही समुपदेशक. पाटी दोघांची एकाच रंगाची, एकाच अक्षराची.

यानं बिघडतं काय, ते एका वाक्यावरून कळेल. समजा, तिसऱ्या भेटीत मुलगा खाली बघून म्हणाला, "कधी कधी वाटतं, संपवून टाकावं." न शिकलेला माणूस घाबरतो. चांगल्या मनानं म्हणतो, "असं बोलू नये बेटा, आईबाबांचा विचार कर." मुलगा मान डोलावतो आणि पुन्हा तो विषय काढत नाही. शिकलेला माणूस विषय बदलत नाही. सरळ विचारतो : असं कधीपासून वाटतं, किती वेळा वाटतं, काही ठरवलं आहेस का, आज रात्री घरी कोण असेल? मग मुलाला सांगून, त्याच्यासमोरच घरी फोन लावतो. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाची वेळ घेऊन देतो. विचारल्यानं मुलाच्या डोक्यात नसलेली गोष्ट शिरत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं, कारण ते त्याला शिकवलेलं असतं.

आणि समजा, कोणी त्या खोलीतली गोष्ट बाहेर फोडली, तर तक्रार कुठे करायची? डॉक्टरविरुद्ध परिषदेकडे जाता येतं. इथे फार तर ग्राहक आयोग. मिक्सर बिघडला तरी तिथेच जातो आपण.

[दृश्य : जेवणाचं टेबल. मधे लोणच्याची बरणी, भोवती कागद, लॅपटॉप, चष्मे.]

हे टेबल पावतीवाल्या ताईंच्याच घरातलं. दर पंधरा दिवसांनी रविवारी इथे पाच-सहा समुपदेशक जमतात. एकीचं घर सुदामा नगरात, एक जण राऊहून स्कूटरवर येतो. विषय एकच : समुपदेशकांची नोंदणी व्हावी म्हणून शासनाला द्यायचं निवेदन.

पहिली अडचण भाषेची निघाली, हे आम्हालाही अपेक्षित नव्हतं. घरात शब्द 'समुपदेशक'. अर्ज जाणार भोपाळला, म्हणजे हिंदीत, तर 'परामर्शदाता'. पण तो शब्द तर कर्जाच्या सल्लागारालाही लावतात. 'काउन्सेलर' लिहावं, तर कॉलेज प्रवेशाचे काउन्सेलर आधीच हजर. एक अख्खा रविवार या एका शब्दावर गेला. वाया गेला असं आम्हाला वाटत नाही. कायद्यात शब्द जसा बसेल, तसं माणसाचं पोट चालेल.

दुसरा मुद्दा २०२१ च्या कायद्याचा. राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून आरोग्यक्षेत्रातल्या इतर व्यवसायांच्या नोंदणीचा. याचं पहिलं विधेयक २०१८ साली राज्यसभेत आलं, संसदेच्या स्थायी समितीकडे गेलं, तिथून सूचना घेऊन २०२० साली नव्यानं मांडलं गेलं आणि मार्च २०२१ मधे कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात मानसशास्त्रज्ञ आहेत, एचआयव्ही आणि कुटुंबनियोजनाचे समुपदेशकही आहेत. म्हणजे दार किलकिलं झालं आहे. टेबलाभोवतीचा प्रश्न असा की, नुसतं 'समुपदेशक' म्हणून काम करणाऱ्यानं यातल्या कुठल्या खुर्चीवर बसायचं? राज्यांनी सहा महिन्यांत आपापली परिषद स्थापायची होती. ऑगस्ट २०२४ मधे सर्वोच्च न्यायालयाला दोन महिन्यांची मुदत घालून सांगावं लागलं, आता अंमलबजावणी करा.

त्यात २०२५ मधे विद्यापीठ अनुदान आयोगानं याच कायद्याचा आधार घेऊन मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम त्या सत्रापासून बंद केले. टेबलावर शांतता पसरली. सहापैकी दोघींचं एम. ए. दूरस्थ शिक्षणातलं, मुलं लहान असताना रात्री जागून केलेलं. निर्णय नव्या प्रवेशांपुरता आहे, हे त्यांना कळतं. पण उद्या नोंदवही उघडली, तर आपल्या पदवीकडे कोणत्या नजरेनं बघतील, ही धाकधूक राहतेच.

म्हणून निवेदनातला सगळ्यात लांब परिच्छेद त्यावर आहे. आधीपासून काम करणाऱ्यांचं काय करायचं? पदवीबरोबर देखरेखीखाली केलेल्या कामाचे तास मोजा, हवं तर परीक्षा घ्या, असं त्यांनी लिहिलं आहे. सरसकट सगळ्यांना आत घ्या, असं त्या म्हणत नाहीत. आम्हाला हा त्यांच्या मागणीतला सगळ्यात प्रामाणिक भाग वाटला, कारण परीक्षेत त्यांच्यातलंच कोणी अडकू शकतं.

[दृश्य : दवाखान्याची ओसरी. बाकावर वाट बघणारे लोक.]

सगळेच या मागणीच्या बाजूनं नाहीत. शहरातले एक मनोविकारतज्ज्ञ आम्हाला म्हणाले, क्रमांक मिळाला की काही जण भास होणाऱ्या रुग्णालाही नुसतं बोलत बसतील, औषधाला उशीर होईल. भीती खोटी नाही. पण त्यावर उपाय कायद्यानंच करता येईल : समुपदेशकानं काय करायचं आणि कुठे थांबून पुढे पाठवायचं, हे लिहून ठेवा. आज ते कुठेच लिहिलेलं नाही, त्यामुळे थांबायचं कुठे, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

शिवाय मनोविकारतज्ज्ञ आहेत किती? बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात केरळमधे लाख लोकांमागे १.२ मनोविकारतज्ज्ञ होते. मध्य प्रदेशात ०.०५. वीस लाखांमागे एक. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या इंदूर शहराची लोकसंख्या जवळपास तेवढीच होती.

अमेरिकेचं उदाहरण टेबलावर हमखास निघतं. तिथे १९७६ मधे व्हर्जिनिया राज्यानं समुपदेशकांना पहिल्यांदा परवाना दिला. शेवटचं राज्य कॅलिफोर्निया, २००९. तेहतीस वर्षं, एकेक विधानसभा. आणि ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात, म्हणजे मेडिकेअरमधे, समुपदेशकांचं बिल लागू झालं ते १ जानेवारी २०२४ पासून. तेही मानसशास्त्रज्ञाच्या दराच्या ७५ टक्के. हे ऐकून राऊचे गृहस्थ म्हणाले, "म्हणजे आपली नातवंडं घेतील क्रमांक." कोणी हसलं नाही.

[दृश्य : भोपाळ. सरकारी इमारतीचा लांब व्हरांडा.]

तिघी पहाटेच्या बसनं भोपाळला गेल्या. एका लोकप्रतिनिधीची वेळ मिळाली होती, दहा मिनिटांची. त्यांनी निवेदन नीट वाचलं, हे सांगायला हवं. दोन प्रश्नही विचारले. मग तिसरा विचारला :

"आप लोग कुल कितने हैं?"

तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या. राज्यात समुपदेशक किती, हे कुणाला माहीत असणार? नोंदणीच नाही, तर मोजणार कोण? आणि मोजले नाहीत, तर नोंदणीची मागणी किती जणांची, हे सांगणार कसं? एकीनं हेच जमेल तेवढ्या सभ्य हिंदीत सांगितलं. साहेब हसले, म्हणाले, मुद्दा बरोबर आहे. निवेदनावर शिक्का पडला, आवक क्रमांक मिळाला. परतीच्या बसमधे एकीनं तो वहीत लिहून घेतला. 'चला, एक तरी क्रमांक मिळाला,' असं दुसरी म्हणाली.

त्यानंतर त्या मोजायला लागल्या. वही केली. इंदूर, देवास, महू, उज्जैन. नाव, शिक्षण, कामाचे तास, कोणाच्या देखरेखीखाली. वही अर्धीही भरलेली नाही. बऱ्याच जणांना आपलं नाव कुठे लिहिलं जावं, असं वाटतच नाही. न जाणो उद्या फी लागेल, तपासणी येईल.

[दृश्य : छोटा छापखाना. यंत्राचा आवाज. पावतीपुस्तकाचा नमुना.]

गेल्या महिन्यात पावतीपुस्तक संपलं. छापखानेवाला मराठीच, त्याचे वडीलही हेच काम करायचे. नमुना हातात घेऊन त्यानं बोट ठेवलं.

"ताई, ही लाइन काढून टाकू का? नेहमी रिकामीच राहते. तिथे छोटासा गणपती बसवतो, छान दिसेल."

"नको. आहे तशीच राहू द्या."

"बरं. किती बुकं?"

"दोन. शंभर पानी."