कोल्हापूर प्रकरण आणि आगरकरांची लेखणी

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘गोपाळ गणेश आगरकर : कारकीर्द आणि वाद’. त्यावर बोलणारच आहे. पण कोल्हापुरात उभं राहून आगरकरांवर बोलायचं आणि कोल्हापूर प्रकरण दोन वाक्यांत उरकायचं, हे मला जमणार नाही. चौथे शिवाजी महाराज कोण, हे माहीत असणाऱ्यांनी जरा हात वर करा बघू. पुढच्या रांगेतल्या गुरुजींनी करू नका, तुम्हाला माहीत असणारच! बघा, पाच-सहा हात. शाहू महाराजांबद्दल विचारलं असतं तर अख्खं सभागृह उठलं असतं, आणि ते योग्यच आहे. पण शाहू महाराज दत्तक कुणाच्या मागे आले? या चौथ्या शिवाजींच्या मागे.

राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपातून परतताना फ्लॉरेन्सला वारले. त्यांच्यामागे दत्तक घेतलेला मुलगा म्हणजे हे चौथे शिवाजी. मुलगा वाढला तो इंग्रजांच्या देखरेखीखाली. कारभारी होते रावबहादूर बर्वे. वयात येता येता महाराज भ्रमिष्ट आहेत अशी वार्ता सुरू झाली. महाराष्ट्रभर कुजबुज होती की पोराला वेड लागलेलं नाही, त्याचा छळ चाललाय. सातारची गादी गेलेली लोकांनी पाहिली होती. छत्रपतींचं उरलेलं एक घर, त्यातही हे. माणसं अस्वस्थ होणार नाहीत तर काय?

आणि त्याच सुमाराला, जानेवारी १८८१ मध्ये, पुण्यात ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले. इथं माझी जुनी तक्रार आहे. आपल्याकडे या प्रकरणाला सर्रास ‘टिळकांचा पहिला तुरुंगवास’ म्हणतात. टिळक इंग्रजी ‘मराठा’ बघत होते. ‘केसरी’चे संपादक आगरकर! १८८७ पर्यंत तेच होते. मराठीतून जे छापलं गेलं त्याची जबाबदारी या कराडजवळच्या टेंभूच्या, दम्यानं बेजार झालेल्या तरुणाच्या शिरावर होती. भाषणांत, पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव ‘आणि आगरकर’ असं शेपटासारखं येतं. मला ते फार लागतं.

तर झालं असं, की बर्व्यांनी लिहिली म्हणून काही पत्रं टिळक-आगरकरांच्या हाती आली. महाराजांविरुद्ध कारस्थान आहे असं त्यातून दिसत होतं. त्यांनी विश्वास ठेवला आणि लिहिलं. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. पत्रं बनावट निघाली. दोघांनी माफी मागितली, तरी खटला चालला आणि जुलै १८८२ मध्ये चार-चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात ते राहिले १०१ दिवस. तिथल्या खोलीत दोघे रात्री इतक्या मोठ्यानं वाद घालत की पहारेकऱ्यांना बोलावं लागे. आगरकरांनी स्वतःच ते लिहून ठेवलंय. बाहेर आले तेव्हा अंगावरचं मांस झडलेलं होतं.

खटल्याच्या वेळी जामीन कुणी दिला? महात्मा फुल्यांच्या शब्दावरून सत्यशोधक रामशेठ उरवणे यांनी, दहा हजारांचा. ‘केसरी’वाल्यांचं आणि फुल्यांचं किती पटत होतं ते तुम्ही जाणता. तरीही छत्रपतींच्या घरासाठी लिहिणारी पोरं म्हणून फुले धावले. आणि इथं कोल्हापुरात राजाराम कॉलेजचे विद्यार्थी खटल्याच्या मदतीसाठी नाटक करत होते. त्यात स्त्रीची भूमिका केलेला एक कोवळा मुलगा होता, गोपाळ कृष्ण गोखले. हे नाव लक्षात ठेवा.

महाराजांचं पुढं काय झालं? २५ डिसेंबर १८८३ ला अहमदनगरच्या किल्ल्यात, ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट होऊन ते गेले. वय अवघं वीस. म्हणजे पत्रं खोटी होती, पण लोकांच्या मनातली भीती खोटी नव्हती. या एका गोष्टीवर मी तासभर बोलू शकतो.

हो, हो, चिठ्ठी मिळाली. दहा मिनिटं. मग मुख्य मुद्द्यावर येतो.

माझं म्हणणं असं आहे की आगरकर हा लेखक डोंगरीनं घडवला. ‘केसरी’त असताना सामाजिक प्रश्नांवर सहकाऱ्यांशी बिनसलं, १८८७ मध्ये ते बाहेर पडले, आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. इंग्रजी बाजू कुणी सांभाळली? त्याच गोखल्यांनी. आता ‘सुधारक’ उघडून बघा. गुप्त पत्र नाही, दरबारी खबर नाही, ‘आतल्या गोटातून कळते’ नाही. घराघरात उघड चाललेलं आहे तेच समोर ठेवायचं आणि विचारायचं, हे का? विधवेचं केशवपन का? आठ वर्षांच्या मुलीचं लग्न का? स्त्रियांनी जाकिटं घातलीच पाहिजेत यावर त्यांनी अख्खा लेख लिहिला. लोक हसले, चिडले. पण ‘हा पुरावा बनावट आहे’ असं कुणी म्हणू शकलं नाही, कारण पुरावा वाचणाऱ्याच्याच माजघरात होता. एकदा पोळलेल्या माणसानं आपल्या लिखाणाचा पायाच बदलला, असं मी मानतो. आणि पाय मागे घेतला नाही, हे विशेष. एवढं भोगल्यावर पुष्कळांची लेखणी गुळमुळीत होते. यांची आणखी धारदार झाली. ‘इष्ट असेल ते बोलणार आणि साध्य असेल ते करणार’ हे त्यांचं ब्रीद.

मुलींच्या शरीरसंबंधाचं किमान वय दहावरून बारावर नेणाऱ्या १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला टिळकांनी विरोध केला, आगरकरांनी पाठिंबा दिला. पुण्यात जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा निघाली. त्यांनी ती पाहिली आणि लिहीत राहिले. १८९२ पासून फर्ग्युसनचे प्राचार्य, पगार बेताचा. जून १८९५ मध्ये गेले तेव्हा उशाशी स्वतःच्या अंत्यविधीच्या खर्चाची पुडी बांधून ठेवलेली होती. वय ३८. टिळकांनी ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला.

गोखल्यांवर बोलायचं राहिलं, ते अध्यक्षांनी परवानगी दिली तर पुढच्या वेळी. शेवटचं सांगतो. चौथ्या शिवाजी महाराजांच्या काळातली पत्रं, दरबारी कागद, मोडीतलं काहीही तुमच्या वाड्यात, माळ्यावर पडलेलं असेल तर रद्दीत घालू नका. मोडी वाचणारी मंडळी आपल्या गावात आहेत. मी खाली दाराशी थांबतो, तिथं येऊन भेटा.