अंगावर काढलेला ताप

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या आठवड्यात ओपीडीत एक आई आली होती. तिचा चार वर्षांचा मुलगा कोपऱ्यात बसून खेळण्यातली गाडी उलटी धरून एकच चाक फिरवत होता. हाक मारली तरी मान वर नाही. स्वमग्नतेचं, म्हणजे ऑटिझमचं, निदान होऊन सहा महिने झालेले. उठता उठता ती हळूच म्हणाली, "डॉक्टर, पाचव्या महिन्यात मला ताप आला होता. तीन दिवस अंगावर काढला. त्यानंच झालं का हो हे?"

हा प्रश्न फार जणी विचारतात. सासूसमोर मात्र बहुतेकींच्या तोंडून तो निघत नाही.

संसर्ग आणि स्वमग्नता यांचा सगळ्यात ठळक संबंध दिसला तो रुबेलात. १९६४ मध्ये अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली. मोठ्या माणसाला हा आजार किरकोळच वाटतो. बारीक ताप, पुरळ, तीन-चार दिवसांत बरं. पण विषाणू वारेतून गर्भापर्यंत पोचला आणि सुमारे २० हजार बाळं त्याचे परिणाम घेऊन जन्मली. कुणाला बहिरेपण, कुणाला मोतीबिंदू, कुणाच्या हृदयात दोष. न्यूयॉर्कच्या डॉ. स्टेला चेस यांनी अशी २४३ मुलं तपासली. त्यांतल्या दहा मुलांत स्वमग्नता पूर्ण दिसली आणि आठ मुलांत तिची काही लक्षणं. त्या काळी १० हजारांत चार-पाच मुलं स्वमग्न मानली जात!

मग शास्त्रज्ञांनी उंदरांकडे मोर्चा वळवला. गाभण मादीला त्यांनी विषाणू दिलाच नाही, विषाणूसारखं भासणारं एक रसायन टोचलं. तरी पिल्लांचं वागणं बदललं. २००७ मध्ये कॅलिफोर्नियात पॉल पॅटरसन यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं, की आईच्या प्रतिकारशक्तीनं सोडलेला इंटरल्युकिन-६ हा पदार्थ रोखला, तर पिल्लं बरीचशी नेहमीसारखी वागतात. म्हणजे जंतूइतकीच शरीरानं जंतूशी दिलेली झुंजही गर्भापर्यंत पोचते.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. स्वीडनमध्ये सुमारे साडेपाच लाख मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा गरोदरपणात संसर्ग झालेल्या आयांच्या मुलांत स्वमग्नता थोडी जास्त आढळली. मात्र दिवस जाण्याआधीच्या वर्षात संसर्ग झालेल्यांतही ती तेवढीच जास्त होती. तेव्हा सगळा दोष त्या तापावर टाकता येत नाही. स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, आणि गरोदरपणी ताप आलेल्या बहुसंख्य बायकांची मुलं स्वमग्न नसतात.

मी त्या आईला हेच सांगितलं, दोनदा सांगितलं. तुमच्या हातून काही पाप घडलेलं नाही.

तरीही पोटुशी असताना ताप अंगावर काढू नका. कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात ज्या आयांनी ताप उतरवणारं औषध घेतलं, त्यांच्या मुलांत जोखीम वाढलेली दिसली नाही. गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या, पण घ्या.

रुबेलावर तर लस आहे. गोवर-रुबेलाची मोहीम गोव्यात २०१७ ला आणि महाराष्ट्रात २०१८ च्या नोव्हेंबरात सुरू झाली, नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. त्या वेळी पंधरा उलटलेल्या मुली मोहिमेतून सुटल्या, आणि त्या आज लग्नाच्या आहेत. ही लस गरोदरपणात देत नाहीत. ती आधीच घ्यायची आणि नंतर महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत.

हे ऐकून ती आई दारातून परत फिरली. मुलगा तिच्या कडेवर, गाडी त्याच्या मुठीत. म्हणाली, "माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न आहे मार्गशीर्षात. तिला कधी घेऊन येऊ?"