डोळ्यातली खिडकी

(हॉलचा लांबून शॉट, पावलांचा आवाज)

तर पोर्ट्रेट फोटोंचं प्रदर्शन आहे, आत शिरलो आणि जाणवलं की बघायला आपण आलोय पण भिंतीवरचे तीस-चाळीस जण आधीपासूनच आपल्याकडे बघत बसलेत, जरा अवघडायलाच होतं.

आता लोकांकडे बघा. दोन सेकंद चेहरा, लगेच वाकून खालची पाटी, कोण, कधी काढला, की चालले पुढच्या फोटोकडे. मीपण हेच करायचो. हल्ली पहिला राउंड पाट्या न वाचता मारतो, कारण एकदा नाव कळलं ना की आपण चेहरा बघायचं सोडून तो माणूस आठवत बसतो.

(एका आजींच्या फोटोचा क्लोजअप, हळूहळू डोळ्यापर्यंत)

ह्या आजी. सुरकुत्या वगैरे सगळे बघतात, तुम्ही सरळ डोळ्यात बघा. बुबुळात तो पांढरा ठिपका दिसतोय? त्याला कॅचलाइट म्हणतात, म्हणजे समोरच्या उजेडाचं प्रतिबिंब. ठिपका चौकोनी असेल तर खिडकी नाहीतर सॉफ्टबॉक्स (पांढरं कापड लावलेला स्टुडिओचा दिवा), गोल असेल तर बहुतेक उजेड पसरवायची स्टुडिओतली छत्री, आणि आख्खं कडं दिसलं तर रिंग लाइट, हे रील बनवणाऱ्यांना सांगायलाच नको. आणि ठिपकाच नसेल तर डोळे एकदम विझल्यासारखे वाटतात, काही फोटोग्राफर ते मुद्दाम करतात. इथे ठिपका चौकोनी आहे आणि मधे एक उभी काळी रेघ. खिडकीच असणार.

हा शेजारचा मात्र मला नाही आवडला. खूप जवळ जाऊन वाइड लेन्सने काढलाय, नाक पुढे आलंय आणि कान मागे पळालेत, आपल्या सेल्फीत होतं तसंच. म्हणून तर पोर्ट्रेटवाले 85 एमएमसारखी जरा लांबची लेन्स लावून दोन पावलं मागे उभे राहतात.

(जुन्या फोटोंची भिंत)

इथे कोणीच हसत नाहीये. एक कारण म्हणजे तेव्हा एक्स्पोजरच, म्हणजे फोटो उमटायला लागणारा वेळच, इतका लांब असायचा की हलायची सोय नव्हती, डोकं स्थिर राहावं म्हणून मागून लोखंडी आधार लावायचे, अशात हसू किती वेळ धरून ठेवणार? 1839 साली फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियसने स्वतःचाच फोटो काढला, जगातल्या अगदी पहिल्या सेल्फींपैकी एक म्हणा, तो पण गंभीर, केस विस्कटलेले आणि फ्रेमच्या मधोमध पण नाही.

उलट पोर्ट्रेट फोटोग्राफर युसुफ कार्शचा किस्सा. 1941, कॅनडातलं ओटावा, समोर ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल, तोंडात सिगार. कार्शने पुढे होऊन तो सरळ काढून घेतला आणि शटर दाबलं. जगभर गाजलेला तो करारी चेहरा म्हणजे, खरं सांगायचं तर, सिगार गेल्याचा राग.

(पुन्हा आजींचा फोटो)

निघायच्या आधी परत आजींकडे आलो. काचेवर माझीच सावली पडत होती म्हणून बाजूला सरकून बघितलं, आणि ती खिडकीतली काळी रेघ, ती चौकट नव्हतीच. खाली रुंद, वर डोक्याएवढी गोल, एक कोपर बाहेर आलेलं. फोटो काढणारा माणूस उभा होता तिथे.

आता वाचली पाटी.