व्हेनेती : एका नावाचा माग

[दृश्य : काचेच्या कपाटात मांडलेल्या काशाच्या लेखण्या]

इटलीच्या ईशान्येला, पादोव्हापासून जवळच, एस्ते नावाचं गाव आहे. तिथल्या संग्रहालयात या काशाच्या लेखण्या ठेवल्या आहेत. शेजारी काशाचेच पातळ पत्रे आहेत, आणि त्यांवर ओळीनं मुळाक्षरं कोरलेली आहेत. गावाबाहेर बारातेला या जागी रेइतिया देवीचं ठाणं होतं, तिथं लोकांनी हे सगळं वाहिलं. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढणाऱ्या आपल्याला या लोकांबद्दल लगेच आपुलकी वाटते. लिहिणं हीच इथं देवीला वाहायची वस्तू होती!

एका अर्पणवस्तूवरचा लेख पुरा वाचता येतो. त्यात ती वस्तूच बोलते : ‘मेगो दोनास्तो’, म्हणजे ‘मला अर्पण केलं’. अर्पण करणाऱ्याचं नाव एगेतोरा. कुणासाठी? एक आयमोस, आणि मुलंबाळं. अडीच हजार वर्षं होत आली, तरी हे मागणं समजायला कुणाला विचारावं लागत नाही.

हे लोक म्हणजे व्हेनेती. पादोव्हा, विचेन्झा, एस्ते, अल्तिनो ही त्यांची गावं. लिपी त्यांनी शेजारच्या एट्रस्कन लोकांकडून घेतली. भाषा मात्र स्वतःची, आणि नात्यानं लॅटिनच्या बरीच जवळची. त्यांचे घोडे ग्रीसपर्यंत नावाजलेले होते; पुरलेले घोडे आजही त्यांच्या स्मशानभूमींत सापडतात.

[दृश्य : इझोला विचेन्तिना इथला कोरीव दगड, कॅमेरा अक्षरांवरून सावकाश सरकतो]

ग्रीकांनी आणि रोमनांनी त्यांना व्हेनेती म्हटलं, हे ग्रंथांतून ठाऊक होतंच. या दगडावर ते स्वतः बोलतात. शब्द आहे ‘व्हेनेत्केन्स’. परक्यांनी चिकटवलेलं नाव वेगळं आणि स्वतःच्या हातानं दगडावर कोरलेलं वेगळं, म्हणून मला हा दगड सोन्याच्या कुठल्याही दागिन्याहून मोलाचा वाटतो.

मग या नावाचा अर्थ काय? बहुतेक भाषाशास्त्रज्ञ ते ‘आवडणं, हवंसं वाटणं, मिळवणं’ अशा अर्थाच्या एका फार जुन्या धातूपाशी नेतात. लॅटिनमधली प्रेमाची देवता व्हीनस त्याच धातूतली. जुन्या नॉर्स भाषेत त्यातूनच मित्राला शब्द मिळाला. आणि संस्कृतात तो ‘वन्’ धातू आहे. आपल्याकडे मुलींचं ‘वनिता’ हे नाव त्यातूनच आलं. त्याचा रानावनाशी संबंध नाही. वनिता म्हणजे प्रिय झालेली, हवीशी वाटणारी. तेव्हा व्हेनेती म्हणजे जिवलग, आपली माणसं.

इथून पुढे गोष्ट अवघड होते, कारण हे नाव एकाच ठिकाणी थांबत नाही.

[दृश्य : ब्रिटनीचा खडकाळ किनारा, भरती]

फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, अटलांटिकच्या काठी, आणखी एक व्हेनेती जमात होती. हे गॉल, म्हणजे तेव्हाच्या फ्रान्समधले केल्टिक लोक, आणि पक्के दर्यावर्दी. इसवी सनपूर्व 56 मध्ये ज्युलिअस सीझर त्यांच्यावर चालून गेला, आणि त्यांच्या गलबतांचं वर्णन त्यानंच लिहून ठेवलं आहे. जाड ओकच्या फळ्या, अंगठ्याएवढे जाड लोखंडी खिळे, दोरखंडाऐवजी नांगराला लोखंडी साखळ्या, आणि कापडाऐवजी चामड्याची शिडं. रोमनांची वल्ह्यांची जहाजं त्यांच्यावर आदळून काही उपयोग नव्हता.

मग रोमनांनी लांब काठ्यांना धारदार आकडे बांधले. शिडाचा दोर आकड्यात अडकवायचा आणि जोरानं वल्ही मारायची. दोर तुटला की शीड खाली! उरलेल्या गलबतांनी पळ काढायला तोंड वळवलं, तेवढ्यात वारा पडला. शिडांवर चालणारी सगळी ताकद जागच्या जागी उभी राहिली. संध्याकाळपर्यंत आरमार संपलं. सीझरनं त्यांच्या पंचायतीतला एकूण एक माणूस ठार केला आणि बाकीच्यांना गुलाम म्हणून विकलं. त्यांचं नाव तेवढं तिथल्या व्हान शहरात उरलं.

तिसरे व्हेनेती पोलंडकडे, विस्तुला नदीच्या बाजूला. प्लिनी आणि टॅसिटस हे रोमन लेखक त्यांचा उल्लेख करतात. पुढे जर्मन लोक शेजारच्या स्लाव्हांना ‘वेंड’ म्हणू लागले, आणि फिन्निश भाषेत रशियाचं नाव आजही ‘वेनाया’ आहे.

तीन ठिकाणी एकच नाव दिसलं की एकच महान प्राचीन राष्ट्र उभं करायचा मोह होतो. 1980 च्या दशकात स्लोव्हेनियात तसं झालंही : व्हेनेती म्हणजे आपलेच स्लाव्ह पूर्वज, असा दावा झाला. एस्तेचे लेख मात्र त्याला साथ देत नाहीत. त्या भाषेची रूपं स्लाव्ह नाहीत, आणि अटलांटिकचे व्हेनेती केल्टिक बोलणारे होते. मला साधं उत्तर पटतं. एकाच जुन्या धातूतून निघालेल्या भाषा बोलणाऱ्या जमातींनी वेगवेगळ्या ठिकाणी स्वतःला ‘जिवलग’ म्हणवून घेतलं असेल, तर त्यात नवल कसलं?

[दृश्य : खाजण, दूरवर तोर्चेल्लोचा मनोरा]

इटलीतल्या व्हेनेतींना रोमनं न लढता आपल्यात घेतलं. इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या अखेरीस त्यांची भाषा मागे पडली, पण प्रदेशाला नाव राहिलं : व्हेनेतिया. 568 साली लोम्बार्ड या जर्मानिक टोळ्या इटलीत उतरल्या, तशी अल्तिनोसारख्या गावांतली माणसं खाजणातल्या बेटांकडे सरकली. त्याच बेटांवर पुढे व्हेनिस वाढलं.

[दृश्य : सोन्याचं नाणं, अगदी जवळून]

1284 पासून व्हेनिसनं सोन्याचं डुकाट पाडलं. साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध सोनं. मिरी-मसाल्याच्या व्यापारात ते भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आलं. त्यावर उभा संत मार्क आणि गुडघे टेकलेला राज्यप्रमुख अशा मानवी आकृत्या होत्या, म्हणून आपल्याकडे त्याला ‘पुतळी’ म्हणू लागले. पुतळ्यांची माळ घडली ती याच नाण्यांची, आणि पुढे त्यांची नक्कल करून पाडलेल्या चकत्यांची.

आपल्या सोनारांनी नकलेत अक्षरं कशीबशी गिरवली, त्यामुळे ती वाचता येत नाहीत. पण अस्सल नाण्यावर संताच्या पाठीमागच्या कडेला रोमन अक्षरं आहेत : एस, एम, आणि त्यापुढे व्हेनेती.