प्रश्न चारचौघांत विचारावा

श्रोतेहो, नमस्कार.

१० फेब्रुवारी २००३ या दिवशी जगभरातल्या साथरोगतज्ज्ञांच्या ईमेलवर एक छोटा प्रश्न येऊन पडला. चीनमधल्या ग्वांगझौ शहरात कसली तरी साथ आली आहे, रुग्णालयं बंद केली आहेत, माणसं दगावताहेत असं कानावर आलंय. कुणाला काही माहीत आहे का? विचारणारे एक अमेरिकी डॉक्टर होते आणि प्रश्न गेला होता तो ‘प्रोमेड’ या ईमेल यादीवर. पुढच्याच महिन्यात त्या आजाराला सार्स हे नाव मिळालं. ३० डिसेंबर २०१९ ला वुहानमधल्या अनोळखी न्यूमोनियाची विचारणाही याच यादीवर झाली. आपल्या पुण्यात राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे, त्यामुळे अशा खबरीचं मोल पुणेकरांना वेगळं सांगायला नको. मला आज बोलायचंय ते मात्र अशा यादीवर एकमेकांना विचारून आपापल्या कामात शहाणं होण्याबद्दल.

ही यादी चालते कशी? सगळ्यांचा मिळून एकच पत्ता असतो. त्यावर पाठवलेलं पत्र प्रत्येक सभासदाला पोचतं आणि त्याची प्रत संग्रहात राहते. सुरुवातीला नवी नावं घालणं, जुनी काढणं हे काम माणसं हातानं करायची. १९८६ साली पॅरिसमध्ये शिकणाऱ्या एरिक थॉमस या विद्यार्थ्यानं ‘लिस्टसर्व्ह’ हा प्रोग्राम लिहिला आणि ते काम संगणकाकडे गेलं. आज गूगल ग्रुप्सवर अशी यादी फुकट काढता येते.

तुम्ही म्हणाल, आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे की! असू द्या. तातडीच्या निरोपाला तो उत्तमच. पण सकाळी कुणी मोलाचं उत्तर दिलं, तर दुपारपर्यंत ते शुभेच्छांखाली गाडलं जातं. सहा महिन्यांनी तीच अडचण दुसऱ्याला येते आणि चर्चा पुन्हा पहिल्यापासून. शिवाय दोन ओळींत विचारलेल्या प्रश्नाला दोन शब्दांचंच उत्तर मिळतं.

भोसरीतल्या एखाद्या वर्कशॉपचं उदाहरण घ्या. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर धातू कापणारा मुलगा विचारतो, “अॅल्युमिनियम टूलला चिकटतंय, काय करू?” यावर कुणीही काहीही सांगेल. तोच प्रश्न पत्रात लिहायला बसला, की मालाचा ग्रेड सांगावा लागतो. आरपीएम किती, फीड किती, कूलंट कुठलं, एंडमिलला, म्हणजे कापणाऱ्या टूलला, कोटिंग आहे का, आधी काय काय करून पाहिलं, हे सगळं मांडावं लागतं. कोटिंगचं नाव लिहिताना त्याच्या कदाचित ध्यानात येईल, की स्टीलसाठी आणलेलं टूलच आपण लावलंय आणि त्याच्या कोटिंगमध्येच अॅल्युमिनियम आहे. अशा कोटिंगला अॅल्युमिनियमचा जॉब जास्त चिकटतो. तिथे बिनकोटिंगचं, चकचकीत पॉलिश केलेलं कार्बाइड बरं पडतं. म्हणजे प्रश्न नीट लिहिण्यातच निम्मं शिक्षण झालं. आणि नाहीच सुचलं, तरी वाचणाऱ्या अनुभवी सेटरला नेमकं उत्तर द्यायला सगळी माहिती हाताशी असते.

जुन्या याद्यांमधली एक रीत मला फार मोलाची वाटते. सन मायक्रोसिस्टिम्सचे संगणक सांभाळणाऱ्या लोकांची ‘सन मॅनेजर्स’ नावाची यादी होती. तिथे उत्तरं यादीवर टाकायची नाहीत, थेट विचारणाऱ्याला पाठवायची असा नियम होता. मग विचारणाऱ्यानं ती सगळी गोळा करायची, कशानं काम झालं ते पाहायचं आणि ‘समरी’ असा मथळा देऊन निचोड यादीवर टाकायचा. यामुळे इतरांच्या टपालात गर्दी होत नसे आणि संग्रहात पारखलेलं उत्तर जमा होई. ज्यानं घेतलं त्यानंच परत करायचं! आपल्याकडे शिक्षकांचे, परिचारिकांचे, लेखापालांचे इतके गट आहेत. त्यांतल्या प्रत्येकानं ही एवढी एक रीत उचलावी असं मला मनापासून वाटतं.

याद्यांवर बहुतेक जण नुसते वाचतात, लिहीत नाहीत. त्यांना नावं ठेवू नका. जीन लेव्ह या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी लायबेरियातल्या शिंप्यांकडे उमेदवारी कशी चालते ते पाहिलं. तिथे नवा मुलगा आधी बटणं लावणं, काठ दुमडणं अशी शेवटची कामं करतो, मग शिवण शिकतो आणि कापड बेतायची कात्री त्याच्या हाती सर्वांत शेवटी येते. तोवर तो दुकानात बसून जाणत्यांचं काम पाहतच असतो. यादीवर गप्प वाचणारी नवी शिक्षिकासुद्धा पाहतेच आहे: अनुभवी माणसं शंका कशी मांडतात, कुठे “मला ठाऊक नाही” म्हणतात, मतभेद झाला तर कसं बोलतात. हे पाठ्यपुस्तकात मिळत नाही.

पुण्याला ऐकण्याची सवय जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. पण व्याख्यानात बोलणारा एक आणि ऐकणारे शेकडो. समव्यावसायिकांच्या यादीत भोरचा शिक्षक विचारतो, जुन्नरची शिक्षिका उत्तर देते आणि पुढच्या महिन्यात हेच उलट होतं.

यादी काढायची तर एक खमका मॉडरेटर नेमा. प्रोमेडवर आलेली पत्रं जाणकार मॉडरेटर आधी तपासतात, म्हणून त्यांवर भरवसा ठेवता येतो. रुग्णाचं, विद्यार्थ्याचं, ग्राहकाचं नाव किंवा ओळख पटेल असा तपशील यादीवर कधीही लिहू नये. संग्रह वर्षानुवर्षं टिकतो. मथळ्यात ‘मदत हवी’ इतकंच न लिहिता ‘पाचवी, अपूर्णांक, छेद वेगळे असताना बेरीज’ असं लिहा, म्हणजे पुढे शोधणाऱ्याला ते पत्र सापडेल. आणि आपल्या प्रश्नाचा निकाल काय लागला, तेही त्याच मथळ्याखाली न विसरता कळवा.

नमस्कार.