आजोबांची आत्या

मंडळी, इथे परदेशात मला मुंबईतल्या आमच्या ख्रिस्ती मरोळबद्दल बोलायला सांगितलंय, आणि आमचे तळलेले पाव म्हणजे फुगे, बाटलीत भरून ठेवायचा बाटली मसाला, क्रुसासमोरच्या रोझरीच्या प्रार्थनेनंतरचे उकडलेले चणे यावर मी तासभर बोलले असते. पण परवा मुलीने शाळेच्या फॅमिली ट्रीसाठी कागद पसरला, मी आजोबांच्या आत्याचं नाव सांगितलं तर म्हणाली, मम्मी, हिच्या खाली कोणीच नाही, मग लिहायचं कशाला? तेव्हापासून मन तिथेच अडकलंय.

ही आत्या १९१८ च्या इन्फ्लुएन्झात गेली, लग्नही व्हायचं होतं. मुंबईत त्या सप्टेंबर-ऑक्टोबरात साथ भडकली आणि तिने तरण्याताठ्यांनाच जास्त नेलं. तेव्हा मरोळ म्हणजे खेडं, भातशेती आणि विहिरी. तिथल्या ख्रिस्ती लोकांनी आधीही सोसलं होतं, १८४० च्या साथीत १५७९ सालचं चर्चच सोडावं लागलं, ते पडकं चर्च आज सीप्झ या निर्यात उद्योगांच्या वसाहतीच्या आत आहे. मग १८९६ चा प्लेग, तो टळावा म्हणून गावठाणांत किती क्रूस उभे राहिले ते आपण येताजाता बघितलेत. त्यावर साल असतं, बांधणाऱ्याचं नाव असतं, गेलेल्या पोरींची नावं कुठे असतात?

थडगंही मिळायचं नाही, जागा कमी, काही वर्षांनी हाडं काढून तिथेच दुसऱ्याला पुरतात. उरली ती चर्चच्या रजिस्टरातली ओळ, आणि नोव्हेंबरात मयतांच्या मिस्सासाठी, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेसाठी, आमची काकी यादी देते त्यातलं नाव. मुलीला म्हटलं, लिही. खाली कोणी नाही म्हणूनच लिही, तिची आठवण काढायला तिची स्वतःची पोरं नाहीत ना.

आणि राग नका मानू, पण आपण सगळेच, हिंदू असो की ख्रिस्ती, डीएनए किट मागवून हजारो वर्षांमागचं मूळ शोधतो आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांना फोन करून आजोबांना भावंडं किती, त्यातली लहानपणी कोण गेली, एवढं विचारत नाही. आज रात्री विचारा, भारतात तेव्हा सकाळच असेल.

काकी आता जिना उतरत नाही. चुलतभाऊ विरारला गेले, आम्ही इथे. यंदा आत्याचं नाव चर्चला मी ईमेलने कळवीन. पण माझ्यानंतर, जिने ते चर्च फक्त सुट्टीत बघितलंय ती माझी मुलगी कशाला कळवेल, आणि तिला मी कसं सांगू, हे मला अजून सुचलेलं नाही.