आधी त्याच्याकडे जा

बंधुभगिनींनो, आजचा विषय पत्रिकेवर ठळक छापला आहे: ‘कठीण नातेसंबंध, मंडळी आणि आपला विश्वास’. घरातली नाती, मंडळीतली नाती आणि काही केल्या न जुळणारी नाती असे तीन भाग करीन, असं मी अध्यक्षांना कबूल केलं आहे. ते करणारच. पण त्याआधी बरीच वर्षं मनात घोळणारी एक गोष्ट मांडतो. तुम्ही बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलेले आहात, तेव्हा फार समजावून सांगावं लागणार नाही.

‘प्रार्थनेसाठी सांगते हं, बाहेर कुठे बोलू नका.’

हसलात, म्हणजे ओळखलंत. हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते. कारण यानंतर जे येतं ते नव्वद टक्के वेळा समोर नसलेल्या माणसाबद्दल असतं. अमक्याचा राग, तमकीचा गर्व, त्यांच्या सुनेचं वागणं. सांगणारीच्या डोळ्यांत खरंच पाणी असतं, ते मी नाकारत नाही. ऐकणाराही मान खाली घालून मनापासून प्रार्थना करतो. आणि ज्याच्याबद्दल हे सगळं चाललेलं असतं, त्या माणसाला मात्र कुणी काही सांगितलेलं नसतं. बाहेरच्या जगात चहाडीला निदान चहाडी म्हणतात. आपण तिला आमेन लावतो, आणि त्यामुळे तिला अडवणं कुणालाच जमत नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात प्रभू येशूने क्रम घालून दिला आहे. तुझ्या भावाने अपराध केला तर त्याच्याकडे जा आणि तुम्ही दोघेच असताना त्याला ते सांग. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर घे. तरीही नाही, तर मंडळीला कळव. आपण हा जिना वरून खाली उतरतो. आधी सगळ्या मंडळीला कळतं, मग एकदोघे कुजबुजतात, आणि ‘दोघेच असताना’ ही पायरी येईपर्यंत एक कुटुंब मंडळी सोडून गेलेलं असतं.

एक प्रसंग सांगतो. मी स्वतः तिथे होतो, नावं सांगणार नाही. गायकवृंदात एक ताई होत्या, गाणी बसवणाऱ्या, कडक शिस्तीच्या. एका नाताळात त्यांनी एका तरुण मुलीचं एकटीने गायचं कडवं काढून दुसरीला दिलं. कारण सांगितलं नाही. फळ्यावर नवी यादी लागली, त्यावर त्या मुलीने स्वतःचं नाव शोधलं आणि ते नव्हतं. ती काही बोलली नाही. दोन ओळींच्या मधली खुर्ची सोडून ती कडेला जाऊन बसली. ताईंना ते लागलं. मग त्यांनी एका बहिणीला सांगितलं, ‘तिच्या मनातल्या गर्वासाठी प्रार्थना करा.’ तिने ते घरच्या प्रार्थनासभेत मांडलं. तिथून ते मुलीच्या आईच्या कानावर गेलं, तोवर त्यात ‘ती वडीलधाऱ्यांना उलट बोलते’ एवढी भर पडली होती. पुढे महिनोन्महिने त्या दोघी प्रभुभोजनाला एकाच मेजाजवळ गुडघे टेकत, पण एकमेकींकडे बघत नसत. सगळ्यांना दिसत होतं. सगळे प्रार्थना करत होते.

आमच्याकडे एक म्हाताऱ्या मावशी होत्या. फार शिकलेल्या नव्हत्या, सभेत कधी बोलत नसत. एके दिवशी त्या गायनाची पुस्तकं कपाटात लावत होत्या, मी पुस्तकं हातात देत होतो. तेवढ्यात ताई आल्या आणि बोलू लागल्या, ‘मावशी, त्या मुलीसाठी प्रार्थना...’ मावशींनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं आणि विचारलं, ‘तिला सांगितलंस का?’ ताई म्हणाल्या, ‘तिला काय सांगायचं, तिला कळायला नको?’ मावशी म्हणाल्या, ‘मग मी देवाला काय सांगू? त्याला तर ठाऊकच आहे. चल, मी येते दारापर्यंत.’ आणि खरोखर गेल्या. आत गेल्या नाहीत. त्या मुलीच्या घराबाहेर पायरीवर बसून राहिल्या.

आत काय झालं ते नंतर दोघींकडून कळलं. बराच वेळ भांडण झालं. मुलगी रडली, ताईंचा आवाज चढला. त्या कडव्यातला वरचा सूर तिला झेपत नव्हता, चारचौघांत तिचा आवाज फाटू नये म्हणून ताईंनी ते काढलं होतं. मुलगी म्हणाली, ‘मग हे मला सांगायचं होतंत, मी सूर उतरवून मागितला असता.’ झालं, एवढंच. त्या दोघी काही जिवलग मैत्रिणी झाल्या नाहीत, आजही नाहीत. पण यादीत बदल करायचा असला की ताई आता आधी त्या माणसाला बाजूला घेऊन सांगतात. मला हा समेट पुरेसा वाटतो. गळ्यात गळा घातल्याशिवाय समेट झालाच नाही, असा आग्रह आपण सोडला पाहिजे.

आणि हे आपल्याच काळातलं दुखणं आहे असंही समजू नका. फिलिप्पैच्या मंडळीत युवदीया आणि सुंतुखे या दोन बहिणी होत्या. प्रेषित पौलाबरोबर सुवार्तेसाठी झटलेल्या, साध्यासुध्या नव्हेत. त्यांचं बिनसलं. पौल तुरुंगातून पत्र लिहितो आणि चौथ्या अध्यायात दोघींची नावं घेऊन विनंती करतो. एकीला वेगळी विनंती, दुसरीला वेगळी. कोण चुकलं ते लिहीत नाही. भांडण कशावरून झालं तेही लिहीत नाही, म्हणून आजतागायत ते कुणालाही ठाऊक नाही. ही पत्रं मंडळीत मोठ्याने वाचली जात. म्हणजे त्या दोघी बहुधा तिथेच, त्या ऐकणाऱ्यांत बसलेल्या असणार. मग तो आपल्या एका सोबत्याला सांगतो, या दोघींना साहाय्य कर. तिसऱ्या माणसाचं काम हेच, पायरीवर बसायचं.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठासाठी नियम लिहिले. त्यात त्याने असं ठरवून दिलं की सकाळच्या आणि संध्याकाळच्या उपासनेत प्रभूची प्रार्थना प्रमुखाने सगळ्यांना ऐकू येईल अशी म्हणायची. का? तर एकत्र राहणाऱ्यांत तंट्याचे काटे उगवतातच, आणि त्या प्रार्थनेतला ‘जशी आम्ही क्षमा करतो’ हा करार रोज कानावर पडला पाहिजे. देवासाठी घरदार सोडून आलेली ती माणसं, तरी त्याने काटे गृहीत धरले. आपण मात्र मंडळीत भांडण झालं की जगबुडी झाल्यासारखे घाबरतो आणि झाकायला धावतो.

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. म्हणजे ते तीन भाग आता भराभर.

घर. घरात आपण क्षमेच्या नावाखाली दुखणं लहान करतो. ‘सोडून दे, एवढं काय त्यात!’ प्रभू असं म्हणत नाही. मत्तयाच्या त्याच अध्यायातला तो निर्दय चाकर आठवा. त्याला धन्याने दहा हजार तालांतांचं कर्ज माफ केलं आणि त्याने शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. एक दिनार म्हणजे मजुराचा एक दिवस. शंभर दिनार म्हणजे तीन महिन्यांहून अधिक कमाई, ही काही चिल्लर नाही. तुमचं दुखणं खरं आहे, त्याला किंमत आहे. पण एका तालांताचे साधारण सहा हजार दिनार धरले, तर त्याला जे माफ झालं ते याच्या सहा लाख पट होतं. क्षमा करणाऱ्याने दोन्ही आकडे डोळ्यांसमोर ठेवावेत. नुसता मोठा आकडा दाखवून कुणालाही गप्प बसवू नये. वाटणीच्या भांडणांबद्दल बोलायचं होतं, ते राहिलं. लूकच्या शुभवर्तमानाचा १२वा अध्याय घरी वाचा. वतनाची वाटणी करून द्यायला प्रभूने स्वतः नकार दिला आणि लोभाबद्दल बोलला.

मंडळीचं बोलून झालं. एकच भर घालतो. मत्तय ५ मध्ये वेदीपाशी आलेल्या माणसाला अर्पण तिथेच ठेवून आधी भावाकडे जायला सांगितलं आहे, आणि तिथे राग आहे तो त्या भावाच्या मनात. म्हणजे ज्याने दुखावलं त्यालाही जायला सांगितलं आणि १८व्या अध्यायात जो दुखावला त्यालाही. ‘त्याने यावं, मी का जाऊ?’ याला जागाच नाही.

आता तिसरं, आणि हे घाईत असलो तरी नीट ऐका. जिथे मारहाण आहे, धाक आहे, लहान मुलांना धोका आहे, तिथे ‘एकटीने जाऊन बोल’ असं कुणालाही सांगू नका. प्रभूचा तो शब्द भावाला मिळवण्यासाठी आहे, कुणाला मार खायला परत पाठवण्यासाठी नाही. अशा बहिणीला आधी सुरक्षित जागी न्या, कायद्याची मदत घ्या, आणि मंडळीने उघडपणे तिच्या बाजूने उभं राहावं. क्षमा तिच्या मनात केव्हा येईल ते तिचं आणि देवाचं. त्यासाठी पाळकांनी तिला तारीख देऊ नये.

आणि काही नाती नुसतीच जुळत नाहीत. पौल आणि बर्णबा बघा. यरुशलेमेत सगळे पौलाला भीत होते, तेव्हा त्याचा हात धरून त्याला प्रेषितांकडे नेणारा बर्णबाच. तरी पुढे मार्क या सोबत्याला बरोबर न्यायचं की नाही यावरून दोघांत एवढी तेढ पडली की बर्णबा मार्कला घेऊन कुप्रास गेला आणि पौल सीलाला घेऊन सूरियाकडे. प्रेषितांच्या कृत्यांत त्यांच्या समेटाचा प्रसंग नाही. ते पुस्तक लिहिणाऱ्या लूकने तो ओढूनताणून घातलेला नाही, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. पण कलस्सैकरांना लिहिताना तोच मार्क पौलाजवळ आहे, आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात शेवटी पौल मार्कला घेऊन ये म्हणतो, तो सेवेसाठी उपयोगी आहे. मधल्या वर्षांत कोण कुणाच्या दारी गेलं हे लिहिलेलं नाही, पण कुणीतरी गेलं असणार.

अध्यक्ष उभे राहिले आहेत, तेव्हा थांबतो. आता चहाच्या वेळी तुमच्याकडे कुणी ‘प्रार्थनेसाठी’ म्हणून काही सांगायला आलं, तर तो मावशींचा प्रश्न तेवढा विचारा. ‘हो, सांगितलं’ असं उत्तर आलं, तर जरूर प्रार्थना करा, मलाही बोलवा.